खिडकीतून उडालेला दाखला, आणि तुमच्याकडचे असे किस्से

पासवाला (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

गेल्या महिन्यात गावी गेलो होतो, शेंदुर्णीजवळ. संध्याकाळी पाय मोकळे करायला पीजेच्या रुळाकडे निघालो. बाहेरच्यांसाठी सांगतो, पीजे म्हणजे पाचोरा-जामनेर, अडीच फुटी रुळांवरची छप्पन्न किलोमीटरची नॅरोगेज. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये थांबली ती थांबलीच. आता ब्रॉडगेज व्हायची आहे. होवो बिचारी. पण तिथे उभं राहिल्यावर एक माणूस आठवला, ज्याचं नाव, गाव, जात, काहीच मला ठाऊक नाही.

जून १९९१. दहावी झालेली, अकरावीला पाचोऱ्यात नाव घालायचं होतं. वडील पेरणीच्या गडबडीत, म्हणून मी एकटाच निघालो, आयुष्यात पहिल्यांदा. आईने कागद वर्तमानपत्रात गुंडाळून वरून सुतळी बांधली. मार्कलिस्ट, शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचा, जातीचा आणि मुख्याध्यापकांची चिठ्ठी. पाच कागद. माझ्यासमोर दोनदा मोजले आणि बजावलं, सुतळी सोडायची नाही.

पिंपळगाव गेलं आणि मी सुतळी सोडली. गणितात दीडशेपैकी एकशे एकवीस होते, ते पुन्हा एकदा बघायचे होते, दुसरं काही कारण नाही. पावसाआधीचा वारा तुम्हाला माहीत आहे. एक झोत आला आणि पाचही कागद गजांमधून बाहेर.

मी ओरडलोसुद्धा नाही. नुसता हात पुढे करून बसलो, जणू ते परत येणार होते.

समोर पन्नाशीचा एक गृहस्थ बसला होता. धोतर, टोपी, मांडीवर पाय बांधलेली कोंबडी. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, कोंबडी माझ्या मांडीवर ठेवली, "धर" म्हणाला आणि दारातून खाली उडी मारली. पीजेचा वेग आठवत असेल तर यात फार मोठं शौर्य नाही हे तुम्हाला पटेल, पण पन्नाशीच्या माणसाने धोतरात मारायची ती उडी नव्हेच.

पुढचा वेळ मी कोंबडी धरून बसलो. डब्यात चर्चा सुरू झाली. "आजकालच्या पोरांचं ध्यान नसतं." "कागद सांभाळता येत नाहीत, शिकून काय करणार." एक बाई तर माझ्या आईलाच बोल लावू लागली, एकट्याला पाठवलंच कसं म्हणून. मी कोंबडीकडे बघत होतो. ती लालसर होती आणि एका डोळ्याने माझ्याकडे बघत होती.

वरखेडीला गाडी थांबली तेव्हा तो मागच्या डब्यातून उतरून आमच्या डब्यात आला. पळत पळत शेवटचा डबा गाठला असावा. पिंढऱ्या ओरखडलेल्या. त्याने एकेक कागद धोतरावर पुसला, मांडीवर सरळ केला आणि मोजले.

"किती होते रे भो?"

"पाच."

"चारच हायेत."

शाळा सोडल्याचा दाखला नव्हता. नेमका तोच. तेवढ्यात मघाचाच कोणीतरी पुन्हा ध्यान नसण्याबद्दल बोलला. हा माणूस सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "खिडकीचा गज तुटेल आहे. पोरगं काय करील?"

मी खिडकीकडे पाहिलं. सगळे गज धड होते. डब्यातल्या सगळ्यांना ते दिसत होते. कोणी काही बोललं नाही.

मग त्याने मला शाळेचं नाव विचारलं, कोंबडी काखेत मारली आणि खाली उतरला. "जाय तू. नाव घाल." गाडी सुटली. मी वळून पाहिलं तेव्हा तो रुळाच्या कडेने उलटा पिंपळगावच्या दिशेने चालला होता.

शाळेत क्लार्कने तीन दिवसांची मुदत दिली. घरी मी एक शब्द बोललो नाही, दोन रात्री झोपलो नाही. तिसऱ्या दिवशी हातापाया पडायच्या तयारीने गेलो तर क्लार्कने ड्रॉवर उघडून दाखला समोर टाकला. "काल एक जण देऊन गेला. नाव विचारलं तर म्हणे, पोराचं आहे ना त्याच्यावर, माझं कशाला." कडेला चिखलाच्या अंगठ्याचा ठसा होता आणि बाभळीच्या काट्याने बरोबर 'वर्तणूक: चांगली' यातल्या 'चांगली'वर भोक पाडलं होतं.

नंतर दोन वर्षं पास काढून त्याच गाडीने गेलो आलो. प्रत्येक डब्यात बघायचो. पुन्हा दिसला नाही. आता चेहराही नीट आठवत नाही, कोंबडी मात्र आठवते.

खरं सांगायचं तर माझ्या मनात घर करून बसलाय तो दाखला नाही. दाखला मिळाला नसता तर दुसरा काढला असता, चार खेटे पडले असते. बसलाय तो तुटलेला गज. पंधरा वर्षांच्या पोराची चारचौघांत लाज जाऊ नये म्हणून तो माणूस सरळ खोटं बोलला, आणि अख्ख्या डब्याने ते चालवून घेतलं.

तर अशा गोष्टी सांगा. आईवडील, शिक्षक, नवरा-बायको नकोत, त्यांचं वेगळं खातं. मोठं दान, पैसा, नोकरी लावून दिली, तेही नको. अनोळखी किंवा जवळपास अनोळखी माणूस आणि चिमूटभर गोष्ट. आपल्या खानदेशातली असेल तर दुधात साखर.

---

भुसावळ यार्ड

कोंबडी! वा.

पीजेतून उतरून, शेतातलं काकडीचं वेल धुंडाळून पुन्हा त्याच गाडीत चढणारे लोक मी पाहिलेत, त्यामुळे उडीवर पूर्ण विश्वास आहे.

आमचं फार काही नाही. रेल्वे कॉलनीत वाढलो. मे महिन्यात भुसावळचा फलाट म्हणजे तवा, पंचेचाळीसच्या वर पारा. शेजारचे एक रिटायर फिटर रोज दुपारी बादली आणि लांब नळीचं नरसाळं घेऊन जनरलच्या डब्यांपाशी उभे राहायचे. खिडकीतून बाटली बाहेर आली की भरायची. नरसाळं त्यांनी स्वतः बनवलं होतं, कारण गाडी हलली तरी पाणी सांडू नये. माणूस एरवी अत्यंत खडूस. कॉलनीत क्रिकेटचा चेंडू गेला की परत देत नसे. सांगायचं एवढंच की चेंडू न देणारा माणूसही असा असू शकतो.

---

कळण्याची भाकर

पासवाला, तुमचा गज वाचून डोळ्यांत पाणी आलं. मी लिहिणार नव्हते, पण लिहिते. थोडं लांबेल.

आईचं माहेर शिंदखेडा तालुक्यातलं, सासर शहाद्याकडचं. मध्ये तापी. आमच्याकडे अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात हे इथे सगळ्यांना माहीत आहे. बाकी सण सासरी, दिवाळी एक वेळ चुकली तरी चालेल, पण अखाजी चुकली तर बाई वर्षभर बोलून दाखवते. लिंबाला झोका, गौराई, आमरस, खापरावरचे मांडे. पुरुषमंडळी पत्ते कुटत बसतात, त्यांना त्या दिवशी कोणी बोलत नाही. आणि लेकीने आपलं आपण उठून जायचं नसतं. माहेराहून मुराळी यावा लागतो. भाऊ, भाचा, कोणी का असेना, पण न्यायला माणूस आला पाहिजे. मुराळी आला की गल्लीला कळतं, हिचं मागे कोणीतरी आहे.

माझे आजी-आजोबा गेले, आणि मग एकुलता मामा अपघातात गेला. मामी लेकरांना घेऊन सुरतेला तिच्या भावाकडे निघून गेली. घराला कुलूप. त्यानंतरच्या पहिल्या अखाजीला आई काही बोलली नाही. नुसती सकाळपासून अंगण झाडत होती. झाडलेलंच पुन्हा झाडत होती. काकूंचे मुराळी आले, शेजारणीचा आला. दुपारी आई म्हणाली, डोकं दुखतंय, आणि आत जाऊन पडली.

दुसऱ्या वर्षी अखाजीच्या आदल्या दिवशी दारात एक माणूस उभा. काळा, उंच, नवा सदरा, त्याच्या घड्या तशाच दिसत होत्या. हातात पिशवी. आई बाहेर आली आणि बघतच राहिली. तो आजोबांचा सालदार होता, वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. सात-आठ वर्षं राबला होता त्यांच्याकडे, आजोबा गेल्यावर दुसरीकडे सालाने लागलेला. तो म्हणाला, "बाई, चाल. तुले लेवाले उनू."

ज्यांना सालदारी ठाऊक नाही त्यांच्यासाठी. आमच्या भागात सालदाराचं साल अखाजीला संपतं आणि नवं ठरतं तेही अखाजीलाच. म्हणजे वर्षभरात त्याच्या हक्काचे, कोणाच्या मालकीचे नसलेले दिवस हे दोन-तीनच. त्यातला एक येण्यात, एक जाण्यात घालवायला तो आला होता. दोन एसट्या बदलून, सारंगखेड्याचा पूल ओलांडून.

घरात कुजबुज सुरू झाली. तो भिल्ल समाजाचा, आमचं घर पाटलाचं. आजी ओसरीवरून उठली नाही. वडील मधल्या दारात उभे, काही ठरवता येईना. आईने कोणाला विचारलं नाही. आत गेली, पेटीतून लुगडं काढलं, माझा हात धरला आणि निघाली. मी तेव्हा नऊ वर्षांची.

आम्ही आईच्या कुलूपबंद माहेरी गेलो नाही. त्याच्याच घरी राहिलो. गावाबाहेर दोन खोल्या, कुडाच्या भिंती, शेणाने ताज्या सारवलेल्या, कोपऱ्यात बोटं ओढल्याच्या रेघा अजून ओल्या. त्याच्या बायकोने आईला पाट दिला आणि स्वतः जमिनीवर बसली. आई पाटावरून उठून तिच्या शेजारी जमिनीवर बसली. मग दोघी हसल्या. आंबे विकतचे होते, मोजून सहा. रस आम्हा पोरांच्या ताटात पडला, मोठ्यांनी मिरचीच्या ठेच्याशी पोळी खाल्ली. दुपारी त्याने बाभळीला दोर टाकून झोका बांधला. आई झोक्यावर बसली. माझी आई! मी तिला त्याआधी कधी झोक्यावर पाहिलं नव्हतं.

निघताना त्याने खण दिला. हिरवा, काठ जरा विरलेला. नेहमीसारखं दुकानातून आणलेलं नव्हतं ते, कोणीतरी त्यांना दिलेलं त्यांनी जपून ठेवलेलं असावं.

परत आल्यावर आजीने विचारलं, "सालदाराच्या घरी राहिलीस?"

आई म्हणाली, "माहेरी गेले होते."

त्यानंतर तो विषय कोणी काढला नाही. तो पुढच्या वर्षी आला नाही, नंतरही नाही. का, ते कळलं नाही. एकदाच आला. आईला एकदाच पुरलं बहुतेक. त्या खणाची चोळी तिने शिवली नाही, अजून पेटीत आहे.

---

भुसावळ यार्ड

आता यावर कोणी काय लिहायचं.

---

चौफुली चोपडा

मी लिहितो, शिव्या खायची तयारी ठेवून.

सगळं छान आहे. पण बघा, आपल्या गोष्टींत देणारा नेहमी गरीब आणि आठवण काढणारा आज पुण्यात फ्लॅटमध्ये. त्या सालदाराला पाटलाच्या घरात त्या दिवशी कोणी पाणी विचारलं होतं का? ताई, राग मानू नका, तुम्हीही ते लिहिलेलं नाही.

माझा अनुभव उलट बाजूचा आहे. मी घेणारा होतो. पाचवीत असताना शाळेत एका संस्थेने गरीब मुलांना वह्या वाटल्या. नावं पुकारून, रांगेत उभं करून, फोटोसकट. वहीच्या पुठ्ठ्यावर देणाऱ्या साहेबांचा पान भरून फोटो. म्हणजे वर्षभर वही काढली की बाकावरच्या सगळ्यांना कळणार, हा त्या रांगेतला. मी पहिला आठवडा वही दप्तराच्या आत धरूनच लिहीत होतो. अक्षर इतकं वाकडं आलं की मार खाल्ला.

शाळेत एक शिपाई होते. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. एक दिवस ते वर्गात आले, काखेत जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा, हातात खळीचा डबा. म्हणाले, "मोठ्या सरांनी सांगितलंय, उद्यापासून कव्हर नसलेली वही चालणार नाही. सगळ्यांनी. कागद हाच." पूर्ण तास अख्खा वर्ग खळीने बरबटला. ज्यांच्या वह्या दुकानातल्या चकचकीत होत्या त्यांनीही कुरकुरत त्याच पेपरने मढवल्या. माझ्या वहीवर कापसाच्या भावाची बातमी आली होती, मी ती वर्षभर वाचत होतो.

मोठ्या सरांनी असं काही सांगितलेलंच नव्हतं. हे मला दहावीनंतर कळलं.

वह्या देणाऱ्याचं नाव माझ्या डोक्यात पक्कं आहे, आणि ते चांगल्या कारणाने नाही.

---

कळण्याची भाकर

चौफुली, राग नाही. बरोबर विचारलंत.

पाणी आईने दिलं होतं. तांब्या ओसरीवर नेऊन दिला. पण पितळेचा नाही, बाहेरचा जर्मनचा. आई हे मला तिच्या शेवटच्या आजारपणात म्हणाली, की तेवढं माझं चुकलं. मी वर लिहिताना गाळलं होतं. मुद्दाम गाळलं का, विचार करतेय.

---

पासवाला

चौफुली, तुमचे नाना आणि माझा कोंबडीवाला एकाच गावचे असणार. दोघेही खोटं बोलणारे.

आणि हो, आम्ही पुण्यात फ्लॅटमध्येच आहोत, तिसरा मजला, लिफ्ट बंद. मुद्दा मान्य.

---

पाटकऱ्याची नात

मी धुळे जिल्ह्यातली, पांझराकाठची. चौफुलींच्या मुद्द्यावरून आठवलं.

आमच्याकडे फड होते, काही ठिकाणी अजून आहेत. नदीवर बंधारा, त्यावरून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे मोठे फड. एका फडात त्या वर्षी सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, ऊस तर ऊस, गहू तर गहू. शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात पाणी सोडायचं नाही. ते काम पाटकऱ्याचं. राखण जागल्याची. त्यामुळे सावकाराच्या वावराला आणि विधवेच्या वावराला पाणी एकाच हाताने, एकाच क्रमाने मिळायचं. तिला कोणापुढे पदर पसरावा लागायचा नाही. कोणाची दया लागू नये अशी ती व्यवस्थाच होती, निदान माझे आजोबा तसंच सांगायचे. ते पाटकरी होते. (भांडणंही व्हायची, टोकाला पाणी पोचायचं नाही, हेही तेच सांगायचे.)

एका पावसाळ्यात पाटाचं दार उचलताना आजोबांचा पाय मोडला. चार महिने खाटेवर. पाटकऱ्याला मोबदला धान्यात, जमिनीच्या हिशेबाने. काम केलं नाही तर कसलं धान्य? पण सुगीला गाड्या आल्या. प्रत्येकाने नेहमीचंच माप ओतलं. पाणी तेवढे महिने गावातल्या पोरांनी पाळ्या लावून सोडलं होतं, तेही कोणी आजोबांना सांगितलं नाही. त्यांना वाटायचं, जागल्याच करतोय.

धान्य ओतताना एक म्हातारी आली. तिचं वावर त्या वर्षी पडीक होतं, तिच्याकडून काही येणं नव्हतंच. पदरात पायलीभर ज्वारी. आजी म्हणाली, तुमचं तर पीकच नाही. म्हातारी म्हणाली, "गेल्या वर्षीचं राहिलं होतं." राहिलं नव्हतं. आजोबांना सगळ्यांचं तोंडपाठ असायचं. पण त्यांनी आतून आवाज दिला, "हो, राहिलं होतं. घे ओतून."

या धाग्यावर सगळेच खोटारडे निघताहेत.

---

केळीबाग

रावेर तालुका. माझं दोन ओळींत.

जूनमधल्या वादळाने आमची निसवलेली, म्हणजे घड बाहेर पडलेली केळी एका रात्रीत आडवी केली. बांधाशेजारच्या कुटुंबाशी आमचा अकरा वर्षं कोर्टात दावा, सहा इंच जमिनीवरून. बोलणं बंद, लग्नकार्यात पाठ फिरवणं, सगळं रीतसर. पहाटे वडील बागेत गेले तर तो माणूस विळा घेऊन आमच्या बागेत आधीच घड उतरवतोय. उन्हं चढायच्या आत जेवढे वाचतील तेवढे वाचवायचे. दोघं दुपारपर्यंत शेजारी शेजारी राबले. एक शब्द नाही. आईने चहा पाठवला, तो त्याने पाठ करून प्यायला.

पुढच्या तारखेला दोघं कोर्टात समोरासमोर. दावा अजून चालू आहे.

---

भुसावळ यार्ड

'पाठ करून प्यायला' याला माझ्याकडून भरिताचं वांगं, जीआय टॅगवालं.

---

बोरी नदी

सगळे कोणी काय केलं ते सांगताहेत. मी न केलेलं सांगतो, चालेल का बघा.

अमळनेरला एका वसतिगृहात होतो. अमळनेर म्हटलं की साने गुरुजी. १९२४ ते १९३० ते तिथे शिक्षक होते, छात्रालय सांभाळायचे, आजारी मुलांची शुश्रूषा स्वतः करायचे, हे आम्हाला दर अकरा जूनला, त्यांच्या पुण्यतिथीला, ऐकवलं जायचं. मी तर त्यावर भाषण करून पहिला नंबर घेतला होता. बक्षीस म्हणून कंपासपेटी.

त्याच आठवड्यात खोलीतला एक पोरगा रात्री आजारी पडला. सातपुड्यातून आलेला, नवा, आमच्याशी फार बोलायचा नाही, त्याची भाषा पावरी आणि आम्ही त्यावरून त्याला चिडवायचो. रात्री दोनला त्याला उलट्या-जुलाब सुरू झाले. अंथरुणातच. खोलीत आम्ही पाच. मी जागा होतो. वास येत होता. तो अगदी हळू आवाजात कण्हत होता, आमची झोप मोडू नये म्हणून. मी चादर तोंडावर ओढली आणि घोरल्याचा आवाज काढला. होय, मुद्दाम आवाज काढला.

उठला तो आमच्यातला सगळ्यात टवाळ पोरगा, जो चिडवण्यात सर्वांत पुढे असायचा. दिवा न लावता त्याला विहिरीवर नेलं, धुतलं, स्वतःची चड्डी घालायला दिली, अंथरूण पिळून वाळत टाकलं. सकाळी सगळ्यांना म्हणाला, रात्री माझ्याकडून माठ सांडला याच्या अंथरुणावर.

मी माठाकडे पाहिलं. भरलेला होता.

तो टवाळ पुढे काय झाला माहीत नाही. कंपासपेटी माझ्याकडे बरीच वर्षं होती.

---

चौफुली चोपडा

बोरी नदी, हे लिहायला जास्त हिंमत लागते. दाद.

---

वरखेडी फाटा

पासवाला दादा, आजच वाचला धागा. माझे मोठे काका वरखेडीचे. वय ऐंशीच्या पुढे. त्या काळात ते कोंबड्या-बकऱ्या बाजाराला न्यायचे, पीजेनेच. धोतर, टोपी. विचारून सांगतो.

---

पासवाला

अरे देवा. विचारा, विचारा. १९९१, जून. लाल कोंबडी.

---

कळण्याची भाकर

कोणी जागं आहे का? मी दर तासाला येऊन बघतेय.

---

वरखेडी फाटा

विचारलं. सगळं वाचून दाखवलं, कारण त्यांना आता नीट दिसत नाही. कोंबडी, दाखला, काटा, गज, सगळं. ऐकून बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "नाही रे. मी नव्हतो तो. त्या साली तर मी ऊसतोडीला बाहेर होतो."

मी म्हटलं, बरं. उठलो. दारापर्यंत गेलो तर हाक मारली.

म्हणाले, "त्या पोराला सांग, मीच होतो. एवढी वर्षं बघतोय बिचारा."

आता मी काय करू? मी दोन्ही लिहून टाकलं. मला खोटं नीट जमत नाही.

---

पासवाला

मी ऑफिसात बसून रडतोय आणि शेजारचा विचारतोय काय झालं.

काकांना सांगा, ओळखलं मी. तेच होते, शंभर टक्के. थंडीत गावी येतोय तेव्हा येऊन पाया पडतो, पऱ्हाट्यांवर, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांवर भाजलेलं भरीत आणि कळण्याच्या भाकरी घेऊन. दाखलाही आणतो दाखवायला, भोकासकट.

आणि त्या कोंबडीचं पुढे काय झालं, तेवढं विचारून ठेवा.

---

वरखेडी फाटा

विचारलं. एक क्षणही न थांबता म्हणाले, "ती अंड्यावर आली होती. म्हणून नाही विकली."